विहिणीचं उत्तर

भाविकाचा आवाज आमच्या घरात सगळ्यात मोठा. ती मागच्या दारी भांडी घासत असली तरी पुढच्या ओट्यावर बसलेल्या माणसाला कळायचं की आज हिचं आईशी कशावरून वाजलं आहे. माझ्या मुलाची, रमणची, ही धाकटी पोर. थोरली हेतल शांत, कामाला चिकट, बोलली तर ऐकू येईल एवढंच बोलणारी. भाविका अंगानं आडवी, हातानं भक्कम. पपईची तोडणी चालू असली की भरलेली क्रेट एकटीनं उचलून ट्रॅक्टरवर ठेवायची आणि मजुरांना म्हणायची, "सरका, तुम्हनाघाई काही होत नही." खायला बसली की दोन कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी, वर ठेचा, वर लोटाभर ताक, आणि मग माझ्या ताटाकडे बघून विचारायची, "मोठमाय, तुन्ही अर्धी उरनी का?" मोठमाय म्हणजे आजी. माझी अर्धी कधी उरायची नाही, पण मी ठेवायची. म्हाताऱ्या माणसाला अर्धी भाकरी पुरते.

आतापर्यंतच्या प्रकरणांत मी माझं लहानपण सांगितलं. माझं मोठं होणं लवकर उरकलं. चौथी झाली, शाळा सुटली, शेत सुरू झालं, लग्न झालं. मध्ये मोठं व्हायला वेळ कुणी दिला नाही. मोठं होताना माणूस काय काय सोसतं ते मी खरं पाहिलं ते भाविकाचं, ती बारावीला होती त्या हिवाळ्यात. म्हणून एवढं प्रकरण तिचं आहे. तिला विचारून लिहिते. ती म्हणाली, "लिही, पण मले रडकी नको दखाडू." मी म्हटलं, जशी होतीस तशी लिहीन.

आमचं गाव ब्राह्मणपुरी. केळी, पपई, कापूस, थोडा ऊस. हिवाळ्यात घर पहाटेपासून आवाज करतं. लाइट आली की विहिरीवरची मोटर सुरू होते, मग दुधाची बरणी, मग सुनेच्या पाटावरवंट्याचा आवाज. मिक्सर आहे, पण ठेचा ती त्यात करत नाही. म्हणते, मिक्सरचा ठेचा नुसता तिखट लागतो, चव येत नाही. माझी सून उषा, स्वयंपाकात हुशार आणि काळजीत त्याहून हुशार. या सगळ्या आवाजांत मोबाईलचा आवाज कधी मिसळला ते मला आठवत नाही. मोबाईलला मी शिव्या देणार नाही. त्याच्यावर भाविकाची बारावीची शिकवणी चालायची, रमणला केळीचा भाव कळायचा, आणि सुरतेला राहणाऱ्या माझ्या बहिणीचं तोंड मला दिसायचं. ती तिकडे दात नसलेलं हसायची, मी इकडे हसायची. वाईट काही नव्हतं त्यात.

त्या वर्षी तुळशीचं लग्न झालं आणि पाठोपाठ आम्ही हेतलचं उरकलं. मुलगा म्हसावदचा. घर चांगलं, शेत पाण्याखालचं, आणि मुलाची आई कमलबाई म्हणजे सव्वा माणूस. रंगानं काळी, देहानं मोठी, हसायला लागली की नाकातली नथ हलायची. बघायला आली तेव्हाच म्हणाली होती, "पोर पसंत शे. पण आधी चहा आना, मन्ही साखर उतरनी." मला ती बाई त्याच दिवशी आवडली.

आमच्याकडे लग्नात विहिणीला गाण्यातून शिव्या देतात. त्या गाण्यांना आम्ही गाया म्हणतो. नवऱ्याकडच्या बायकांची पंगत बसली की नवरीकडच्या बायका समोर उभ्या राहतात आणि सुरू करतात. विहिणीचं नाक, तिचं लुगडं, तिची भूक, तिच्या नवऱ्याचं टक्कल, काही सोडत नाहीत. विहिणीनं रागवायचं नसतं. जेवता जेवता ऐकायचं, आणि गाणं संपलं की उठून गाणारीच्या तोंडात गोड घालायचं. तिथे ते गाणं पुरं होतं. पुढे नवरीकडचे लोक तिच्या सासरी जेवायला गेले की तिकडची विहीण उत्तर देते. ज्या विहिणीला कोणी गायलंच नाही तिला उलट वाईट वाटतं. माझ्या लग्नानंतर आई माझ्या सासरी जेवायला आली तेव्हा तिच्या पायांवर गायलं होतं. तिचे पाय भेगांनी फुटलेले होते, आणि त्या भेगांत उंदीर राहतात असं काहीतरी गाणं होतं. मला तिथेच रडू आलं. आई मात्र पदर तोंडाला लावून हसत होती. जिनं ते गायलं होतं तीच बाई माझ्या पहिल्या बाळंतपणात रात्रभर माझी कंबर दाबत बसली. असं ते असतं.

हेतलच्या लग्नात गायला भाविकाच उभी राहिली. दुसरं कोण राहणार? चार दिवस आधीपासून ती आणि तिच्या मामाची मुलगी तेजल माडीवर बसून ओळी जुळवत होत्या. कमलबाई पंगतीत मधोमध बसली होती, पानावर बुंदीचा डोंगर. भाविकानं कमरेवर हात ठेवला आणि सुरू केलं:

म्हसावदनी याहीन उनी, नथ तिनी भारी,
पातेलं पुसं बुंदीनं, तरी भूक नही सरी,
सूनले काय खावाडशी व, तूच खाशी सारी!

म्हसावदची विहीण आली, बुंदीचं पातेलं पुसून खाल्लं तरी हिची भूक सरेना, मग सुनेला काय खाऊ घालणार, सगळं हीच खाणार. मांडव हसून हसून वाकला. कमलबाईला ठसका लागला. ती दोन्ही हात टेकून उठली, मूठभर बुंदी घेतली आणि भाविकाच्या तोंडात कोंबली. "ले, आते बोल!" म्हणाली. भाविकाचे गाल फुगले, बोलता येईना, आणि सगळ्यांना पुन्हा हसू. जाताना कमलबाईनं तिला सांगितलं, "मन्हं उत्तर बाकी शे, ध्यानमा ठेव."

तेजलनं हे मोबाईलवर काढलं होतं. तिनं ते चांगल्या मनानंच टाकलं, माझ्या बहिणीचा आवाज बघा म्हणून. पण एवढं मोठं टाकलं तर कोणी बघत नाही म्हणे, म्हणून कापलं. कापलं ते नेमकं गाण्याच्या शेवटच्या शब्दावर. पुढची बुंदी गेली, विहिणीचं हसणं गेलं. उरली कमरेवर हात ठेवून एका मोठ्या बाईला तिच्या जेवणावरून बोलणारी एक धट्टीकट्टी पोर. आमच्या गावात ते बघून लोक हसले, कारण त्यांना पुढचं माहीत होतं. पण ते गावात थांबलं नाही. ज्यांनी आयुष्यात गाया ऐकल्या नाहीत अशा माणसांपर्यंत गेलं. त्यांना वाटलं हे खरंच भांडण आहे.

मला यातलं तेव्हा काहीच माहीत नव्हतं. मला दिसलं ते एवढंच, की माझ्या ताटातली अर्धी भाकरी उरायला लागली आणि ती कोणी मागेना. भाविका म्हणायची, "मले भूक नही." आधी एक भाकरी, मग अर्धी, मग नुसतं ताक. थंडी नसली तरी अंगावर मोठी शाल. मोबाईल पालथा ठेवायची आणि तो थरथरला की तिचा खांदाही थरथरायचा. मी बाजेवर बसून हे बघत होते. म्हाताऱ्या बाईकडे कोणी बघत नाही, त्यामुळे तिला सगळं बघता येतं. उषाला वाटलं पित्त झालं. तिनं आवळ्याचा रस दिला. मग वाटलं नजर लागली, लग्नात एवढी गायली म्हणून. मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. मिरचीचा ठसका घरभर सगळ्यांना लागला. मग शेजारच्या बाईनं सांगितलं, बारावीचं टेन्शन असेल. भाविका शहाद्याला कॉलेजला जाते म्हणून बसमध्ये बसायची, आणि एक दिवस रमणला ती बसस्टँडवरच बाकावर बसलेली दिसली. कॉलेजला ती जातच नव्हती. रमण ओरडला. ती उलट ओरडली नाही. तेव्हा मला खरी भीती वाटली. आमच्या घरात रमण ओरडला आणि भाविका गप्प राहिली असं कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तुरीच्या शेंगा सोलायला काढल्या आणि तिला समोर बसवलं. शेंगा सोलताना माणूस बोलतं, कारण हात गुंतलेले असतात आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. पण तिचा एक हात शेंगेवर आणि एक मोबाईलवर. अंगठा खालून वर, खालून वर.

"काय वाची ऱ्हायनी?" मी विचारलं.

"काही नही."

"काही नही ते इतला येळथीन वाची ऱ्हायनी? दखाड मले."

"तुले समजाव नही, मोठमाय."

"मी चौथी पास शे. मराठी वाचता येस मले."

तिनं मोबाईल माझ्यापुढे धरला. चष्मा लावून मी एक एक वाचायला लागले. मोठ्यानं वाचलं, मला मनातल्या मनात वाचता येत नाही. "असली सून नको रे देवा." "आईबापानं काय शिकवलं हिला?" "आवाज आहे की भोंगा?" "सासूला काय बोलते, बुंदी कोणी संपवली ते दिसतंय." त्याखाली एका पिंपाचं चित्र. त्याखाली कितीतरी जणांनी हसण्याची तोंडं लावलेली. मी वाचत गेले आणि ती शेंग सोलत गेली, तीच एक सोललेली शेंग पुन्हा पुन्हा. मग म्हणाली, कॉलेजात मुलं तिला बुंदी म्हणतात. वर्गात शिरली की मागच्या बाकावरून म्हणतात, पातेलं आलं. एकानं तिच्या डब्याचा फोटो काढून टाकला, बघा किती खाते म्हणून. त्या दिवसापासून तिनं डबा नेला नाही. आणि मग कॉलेजच नको झालं.

"बंद करी टाक ना मंग हाई," मी म्हटलं.

"मी बंद कयं तरी ते तठेच ऱ्हास. मी नही वाचं तरी लोके वाचतस." मग म्हणाली, "ताईना फोन येस, तो बी मी उचलत नही. तिनी सासूले सगळं गाव हसत व्हई. मन्हामुळे."

म्हणजे हे होतं मुळाशी. बुंदी आणि पातेलं वरचं. पोरीच्या मनात बसलं होतं की तिनं आपल्या बहिणीचं सासर नासवलं. मी तिला जवळ घेतलं नाही, मला ते जमत नाही. तिच्या हातातली शेंग काढून दुसरी दिली.

आमच्या वेळी लोक चांगले होते असं मी म्हणणार नाही. लोक तेवढेच वाईट होते. माझ्या चालण्यावर, माझ्या बापाच्या दारूवर, माझ्या उशिरा झालेल्या पहिल्या मुलावर लोक बोलले. पण ते मोजके होते आणि त्यांची तोंडं मला माहीत होती. कोण बोललं, कोणाच्या घरात काय झाकलेलं आहे, मला ठाऊक असायचं. आणि एक बोलणं शिळं झालं की दुसऱ्या कोणाचं ताजं निघायचं, माझं सुटायचं. भाविकाला बोलणाऱ्यांना तोंडच नव्हतं. फुलाचा, वाघाचा, नटाचा फोटो, आणि मागे कोण ते माहीत नाही. अशांना काय उत्तर देणार? आणि त्यांचं बोलणं शिळं होत नव्हतं. रोज कोणीतरी नवा माणूस ते पहिल्यांदा बघायचा आणि रोज पहिल्यापासून सुरू.

उषानं ऐकल्यावर पहिली गोष्ट केली ती म्हणजे मोबाईल घेऊन गव्हाच्या कोठीत टाकला. त्यानं उलटंच झालं. आधी पोर वाचून घाबरायची, आता न वाचता घाबरायला लागली. काय काय लिहीत असतील याचा विचार करून तिला घाम फुटायचा, छाती धडधडायची. मी रमणला म्हटलं, हिला डॉक्टरकडे ने. शहाद्याच्या डॉक्टरनं तपासलं, रक्त कमी आहे म्हणाला, आणि नंदुरबारच्या एका मनाच्या डॉक्टरचं नाव दिलं. बाई होती. तिथे रमण अडला.

"आई, मनाना डॉक्टर? लोके काय म्हणतीन?"

"लोके म्हणीच ऱ्हायनात," मी म्हटलं. "आते अजून काय म्हणाना बाकी शे?"

तो गेला. मीही बरोबर गेले. डॉक्टरीण तरुण होती, आवाज हळू. तिनं आम्हाला बाहेर बसवलं आणि पोरीशी बोलली. नंतर आम्हाला सांगितलं, ही खोटं आजारपण काढत नाही, हा आजारच आहे, आणि वेळेवर आणलीत. मोबाईल हिसकावू नका, ती स्वतः ठरवेल किती बघायचा ते. जेवणावरून बोलू नका, चांगलंही नको आणि वाईटही नको. उषाला हे फार कठीण गेलं. जेवणावर बोलायचं नाही तर आईनं बोलायचं कशावर? पण तिनं पाळलं. ताट वाढायची आणि केळीच्या घडांवर बोलायची. आम्ही पुन्हा पुन्हा नंदुरबारला गेलो. गाडीनं जाताना मिरचीच्या पथाऱ्या लागतात, जमिनीवर नुसतं लाल पसरलेलं असतं आणि गाडीतली सगळी माणसं एकदम शिंकतात. तिसऱ्या की चौथ्या खेपेला भाविका शिंकली आणि म्हणाली, "फुकटनी फोडणी." एवढंच बोलली, पण मी रमणकडे बघितलं आणि त्यानं माझ्याकडे.

हे आधी सांगते, कारण पुढचं वाचून कोणी म्हणेल की म्हातारी सांगते, गाण्यानं पोर बरी झाली. गाण्यानं कोणी बरं होत नाही. औषध होतं, डॉक्टरीण होती, आणि वेळ गेला.

संक्रांत झाली आणि कमलबाईचा फोन आला. शेतात भरीत केलंय, सगळ्यांनी या. भाविका म्हणाली ती येणार नाही. उषा म्हणाली, राहू दे, आपण जाऊन येऊ. मी फोन स्पीकरवर ठेवला होता, आणि कमलबाईला ते माहीत होतं की नव्हतं कोण जाणे, पण तिचा आवाज असा आला की शेजारीही ऐकतील.

"त्या पोरले सांगा, तिनं उत्तर मन्हाजोडे शे. नही उनी ते मीच इसू तठे, आणि दारमा उभी ऱ्हाईसन गासू. तुम्हना सगळा गावसमोर!"

भाविकानं माझ्याकडे बघितलं. "तिले राग नही शे का?"

"मले काय विचारस? तिले विचार."

ती गाडीत बसली. खिडकीशी, शाल पांघरून, पण बसली.

म्हसावदच्या शेतात धूर दिसला तिकडे आम्ही वळलो. कपाशीच्या वाळलेल्या काड्या पेटवलेल्या, त्यावर हिरवी मोठी वांगी रचलेली. काड्यांचा जाळ पटकन चढतो आणि पटकन उतरतो, वांगं आतून शिजतं आणि साल वरून जळते. दोघं जण साली काढून वांगी लाकडी बडगीत कुटत होते, वर भाजलेल्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. केळीची पानं पसरलेली. हेतल पाणी आणत होती. तिनं भाविकाला बघितलं, हंडा तिथेच खाली ठेवला आणि येऊन तिच्या पाठीत एक धपाटा घातला. "फोन कोन उचली? मी का तठे इसन उचलू?" शांत हेतल एवढं मोठ्यानं बोललेली मी पहिल्यांदा ऐकली. सासरी तिचं बरं चाललं होतं हे मला त्या धपाट्यावरून कळलं.

भाविका कमलबाईपुढे उभी राहिली. खाली बघून म्हणाली, "मावशी, तो व्हिडिओ... लोकेस्नी तुमले..."

"मले काय?" कमलबाई भरितात हात घालूनच बसली होती. "मन्हा भाऊना पोऱ्यानी दखाडा मले. मी म्हणं, पोर किती चांगली गायी ऱ्हायनी, पण बुंदी कथी गयी? मन्ही मूठभर बुंदी कोणी चोरी?" आणि तिची नथ हलली. "मी खाऊ शे ते सगळा म्हसावदले ठाऊक शे. त्याना काय नवाई? बठ. आधी खाय, मंग ऐक."

पंगत बसली. भाविकाच्या पानावर भरीत आलं, भाकरी आली. उषानं तोंड फिरवून दुसरीकडे बघितलं, डॉक्टरणीनं सांगितलं होतं म्हणून. मी मात्र बघत होते. पोरीनं एक घास घेतला. तेवढ्यात कमलबाई उठून उभी राहिली, हात पदराला पुसले, आणि सुरू केलं:

ब्राह्मणपुरीनी कोयल उनी, तोंडले तिना कुलूप,
किल्ली पडनी मोबाईलमा, वाढा तिले तूप,
तूप प्यायी, घसा मोकळा, मंग नको ऱ्हावू चूप!

बायका हसल्या, माणसं हसली, बडगीवाल्यांनी हात थांबवले. भाविका आधी दचकली. मग तिच्या ओठाची एक बाजू वर गेली. कमलबाईनं वाटीतलं तूप खरंच तिच्या भाकरीवर ओतलं, आणि भाविकानं पानावरचा गुळाचा खडा कमलबाईच्या तोंडात घातला. रिवाज पुरा केला.

आणि तेव्हाच तेजल उभी राहिली. तीही आमच्याबरोबर आली होती. सगळं तिनं मोबाईलवर काढलं होतं, यावेळी गुळाच्या खड्यापर्यंत, काही न कापता. तिचं तोंड आनंदानं लाल झालं होतं. "हे टाकू आपण! दोघी एकत्र, हसताना. सगळ्यांची तोंडं बंद होतील." रमण म्हणाला, "टाक, टाक." उषाचे डोळे भरले. महिनाभर तिनं हेच मागितलं होतं, की पोरीचं नाव साफ व्हावं. कमलबाईनं नथ सरळ केली आणि म्हणाली, "मन्हं पोट जरा कमी दखाडजो." सगळे भाविकाकडे बघायला लागले.

तिच्या तोंडाचा रंग उडाला. मला माहीत होतं तिच्या डोक्यात काय चाललं होतं. ते टाकलं की पुन्हा ती वाट बघणार. आज किती जणांनी चांगलं लिहिलं, किती जणांनी वाईट. चांगलं लिहिलं तरी ती उद्या पुन्हा बघणार, परवा पुन्हा. मला बोलायचं होतं. बोलले नाही. डॉक्टरीण म्हणाली होती, ती स्वतः ठरवेल.

"नको," भाविका म्हणाली.

"अगं, तुझ्याच भल्यासाठी," तेजल म्हणाली.

"मन्हा भलासाठीच सांगस. ठेव तो खाली, तेजल."

"पण लोकांना कळायला नको का खरं काय ते?"

"ज्यास्ले कळाले पायजे, त्या आठे बठेल शेत." तिनं घास गिळला. आवाज थरथरत होता, पण मोठा होता. "बाकीना लोकेस्नी मन्ही बुंदी खायी का? मंग त्यास्ले काबरं सांगू?"

तेजलनं मोबाईल बघितला, भाविकाला बघितलं, आणि व्हिडिओ पुसून टाकला की मोबाईल तसाच पिशवीत ठेवला ते मला दिसलं नाही. पण नंतर तो व्हिडिओ कुठे आला नाही.

एवढं सांगते की दुसऱ्या आठवड्यात ती कॉलेजला गेली आणि बुंदी म्हणणारा पोरगा तिथेच होता. परीक्षा दिली, पास झाली, फार मार्क मिळाले नाहीत. अजूनही एखाद्या दिवशी तिचं तोंड उतरतं आणि ताट अर्धं राहतं, आणि ती स्वतःच म्हणते, आज मला नंदुरबारला जायला पाहिजे. मग आम्ही जातो. हे लिहिते आहे तेव्हा ती मागच्या दारी आईशी मोठ्यानं भांडते आहे, विषय धुतलेल्या पायऱ्यांवरून चिखलाच्या पायांनी कोण गेलं हा आहे. मला यापेक्षा जास्त काही नको.

त्या दिवशी शेतात मात्र कमलबाई बसेना. कमरेवर हात ठेवून उभी. "मोबाईल गया. मंग आते मले उत्तर कोन दी?"

भाविकानं शाल काढून बाजूला ठेवली, उठली, आणि तीन ओळी गायली. पहिल्या ओळीला आवाज फाटला, दुसरीला लागला, तिसरीला कमलबाई काड्यांच्या ढिगावर बसून पोट धरून हसत होती. काय गायली ते मी इथे लिहिणार नाही. ते कमलबाईसाठी होतं.